मीटिंग वरच्या मजल्यावर

मागच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आमच्या गावातल्या अपंगांच्या संस्थेतून फोन आला. (आता दिव्यांग म्हणतात, पण माझ्या तोंडात जुनाच शब्द बसलाय.) "ताई, तुम्हाला विश्वस्त म्हणून घ्यायचं ठरलंय." मी कणीक मळत होते. "मला?" एवढंच तोंडातून निघालं.

याच संस्थेने मी बारावीत असताना मला कॅलिपर दिलं होतं. स्टेजवर पाहुण्यांच्या हस्ते. फोटो काढताना कुणीतरी म्हणालं, "पाय जरा पुढे घे, बाळ." सतरा वर्षांची होते मी. ते 'बाळ' अजून कानात आहे.

आई म्हणाली, "नाव लावायला बोलावतायत की काम करायला, ते आधी विचार." मी विचारलं. सचिवांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "तुमच्यापैकी कुणीतरी असलं की बरं दिसतं." मग मी संस्थेची घटना आणि तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट मागितले. फोनवर जरा शांतता पसरली.

मैत्रिणींनो, विश्वस्त म्हणजे पत्रिकेत छापलेलं नाव, असंच मलाही वाटायचं. पण महाराष्ट्रातल्या अशा संस्थांना १९५० सालचा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा लागू आहे. नवा विश्वस्त आला की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तसा बदल अर्ज द्यावा लागतो, त्याला आपलं संमतिपत्र जोडावं लागतं. आणि आपल्या हलगर्जीपणाने संस्थेचं नुकसान झालं, तर ते आपल्याकडून वसूल होऊ शकतं! हे वाचून मी दोन दिवस सही केली नाही. तिसऱ्या दिवशी केली.

पहिली मीटिंग वरच्या मजल्यावर. अपंगांच्या संस्थेची मीटिंग, आणि बावीस पायऱ्या! जिने मला आता जमत नाहीत. "दोन मुलं आहेत, खुर्चीसकट उचलून नेतील," अध्यक्ष आपुलकीने म्हणाले. मी म्हटलं, "उचलून नको, भाऊ. मी खालीच बसते." दहा मिनिटं कुजबुज झाली आणि मग एकेक खुर्ची खाली पडवीत आली. डास फार आहेत, अशी तक्रार मात्र शेवटपर्यंत चालू होती.

विषय होता एका देणगीदाराच्या दहा तीनचाकी सायकली. हॉल, बॅनर, जेवण, सगळं ठरलेलं. "या सायकली मागितल्या कुणी?" मी विचारलं. यादीच नव्हती. फोन केले तेव्हा कळलं, खरी गरज दोघांनाच होती. आणि आमच्या शिवणवर्गातली एक मुलगी फोनवर हळूच म्हणाली, "मावशी, सायकल नको. मी तिकडे यायचं असलं की सकाळपासून पाणी पीत नाही. संडासात व्हीलचेअर जात नाही ना."

मला पुढे बोलता येईना. शाळेत मीही तेच करायचे.

टेप घेऊन मोजलं. दार दोन फुटांचं. सरकारी मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ते मोकळं ९०० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ तीन फूट हवं. बाहेरचा उतार तर घसरगुंडीच होती. एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते, आमच्याकडे चारसुद्धा नव्हती. २०१६ सालचा दिव्यांग हक्क कायदा पाळा, म्हणून तहसील कचेरीत निवेदनं देणारे आम्हीच!

सायकलींऐवजी संडास आणि उतार करावा, असा ठराव मी मांडला. चार विरुद्ध तीन मतांनी पास झाला. देणगीदार म्हणाले, "संडासापुढे फोटो कसा काढायचा?" आणि त्यांनी देणगी मागे घेतली. 'ताईंमुळे पैसे गेले,' हे गावात दोघातिघांच्या तोंडून ऐकलं. खोटं नाहीच ते. सायकल हवी असलेल्या त्या दोघांची नावं मी केंद्र सरकारच्या एडीआयपी योजनेत साहित्यासाठी दिलीत. अजून सायकली आलेल्या नाहीत, आणि त्यांच्या घरावरून जाताना मला अवघडल्यासारखं होतं.

दार मात्र संस्थेच्या शिलकीतून फोडलं, हिशेब वहीत लिहिला, खाली माझी सही आहे. परवा शिवणवर्गात डोकावले, तर त्या मुलीच्या मशीनशेजारी पाण्याची बाटली होती, अर्धी संपलेली.

उताराचं काम राहिलंय. येत्या रविवारी मीटिंग आहे, खाली पडवीत. डासांसाठी अगरबत्ती घेऊन जाणार आहे.