आयती चौकट की स्वतःची घडण?

संगणकासाठी मराठी शब्दकोशासारखा एखादा डेस्कटॉप प्रोग्राम सिद्ध करावयास निघालेल्या मंडळींपुढे आरंभीच एक प्रश्न उभा राहतो. खिडक्या, बटणे, मेनू, अक्षरांची मांडणी ही सर्व सामग्री पुरविणारी आयती चौकट, म्हणजे ‘फ्रेमवर्क’, स्वीकारावी की ती आपणच घडवावी?

स्वावलंबन कोणास आवडणार नाही? परंतु केवळ देवनागरीचाच विचार केला तरी त्याची किंमत ध्यानात येते. ‘कि’ मधील वेलांटी संगणकात ‘क’ नंतर साठविली जाते, पण दिसावयास हवी त्याच्या आधी. ‘आचार्यास’ मधील र रफार होऊन डोक्यावर चढतो, तर ‘आचाऱ्यास’ मधील र निराळेच रूप घेतो. हे सारे नियम ‘हार्फबझ’ नामक एका मुक्त ग्रंथालयाने सोडविले असून ‘क्यूटी’ आणि ‘जीटीके’ या दोन्ही प्रसिद्ध चौकटी त्याचाच आधार घेतात. हे श्रम पुन्हा करीत बसणे म्हणजे कोश छापण्यासाठी आधी टंक ओतावयास बसण्यासारखे आहे.

मग आयती चौकट डोळे झाकून घ्यावी काय? येथे इतिहास सावध करतो. 1996 साली जर्मनीतील माथियास एट्रिख या विद्यार्थ्याने लिनक्ससारख्या प्रणालींसाठी ‘केडीई’ हा डेस्कटॉप उभारण्याचा संकल्प जाहीर केला व नॉर्वेतील ट्रोलटेक कंपनीची क्यूटी ही चौकट निवडली. गुणांनी ती उत्तम होती. परंतु तीत फेरफार करून ती इतरांस वाटण्याची मोकळीक त्या वेळी नव्हती. मुक्त सॉफ्टवेअरच्या पुरस्कर्त्यांस हे रुचले नाही. 1997 मध्ये मिगेल दे इकासा आणि फेदेरिको मेना यांनी ‘ग्नोम’ हा निराळा प्रकल्प आरंभिला व जीटीके स्वीकारली. ही जीटीके तरी कशी जन्मली? ‘गिंप’ हा चित्रसंपादनाचा प्रोग्राम प्रथम ‘मोटिफ’ या मुक्त नसलेल्या चौकटीवर रचला होता. तिला कंटाळून त्याच्या कर्त्यांनी ही नवी घडविली. एका चौकटीच्या अटींपायी अशा रीतीने दोन डेस्कटॉप निर्माण झाले आणि तेच ते श्रम दोन ठिकाणी होऊ लागले.

केडीईच्या मंडळींनी क्यूटी सोडली नाही. त्यांनी करार मिळविला. 1998 साली स्थापन झालेल्या एका प्रतिष्ठानास असा अधिकार मिळाला की, कंपनीने मुक्त आवृत्ती काढणे थांबविल्यास प्रतिष्ठानाने ती चौकट मोकळ्या अटींवर प्रसिद्ध करावी. 2000 साली लिनक्ससाठीची क्यूटी जीपीएल या मुक्त परवान्याखालीही आली. पुढे 2008 मध्ये ट्रोलटेक नोकियाकडे गेली, 2012 मध्ये क्यूटी डिजियाकडे आली. धनी पालटले, तरी त्या कराराचे संरक्षण उरले.

तात्पर्य, चौकट आयती घेण्यात कमीपणा नाही; तिच्या अटी न वाचता घेण्यात धोका आहे. मूळ लेखन खुले आहे काय, ते बदलून वाटता येते काय, आणि धन्याने हात काढून घेतल्यास पुढे काय, हे तीन प्रश्न प्रथम विचारावे. शिवाय कोशातील शब्द व अर्थ चौकटीपासून वेगळे, साध्या युनिकोड लेखांत, जतन करावे. चौकट उद्या बदलावी लागेल. अनेक वर्षांच्या श्रमाने जमविलेले शब्द मात्र तिच्याबरोबर बुडता कामा नयेत.