वायर ओढताय? तेलाची बाटली आधी बाजूला ठेवा

चंद्रपूर-गडचिरोलीत मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. स्लॅबमधला कंड्युट पाईप तापतो, पीव्हीसी वायरचं आवरण मऊ पडतं आणि वायर बेंडवर अडते. मग कुणीतरी तेल नाहीतर ग्रीस आणतं. नको! त्यानं आवरण हळूहळू खराब होतं. साबणाचं पाणी तेवढ्यापुरतं चालतं. पण वाळलं की वायर पाईपलाच चिकटते, पुढे बदलताना निघता निघत नाही.

आखूड लाइनला टाल्कम पावडर पुरते, स्वस्तही आहे. लांब लाइनला, दोन-तीन बेंड असतील तर, पाण्यात बनवलेलं वायर-पुलिंग जेलच घ्या. पाईप मात्र ४० टक्क्यांवर भरू नका; ठासलेल्या पाईपपुढे जेलही हात टेकतं. आणि हो, मेन स्विच आधी बंद करा!