चिमणराव पडद्यावर

विनोदी पुस्तक पडद्यावर आणण्याचा उद्योग वरकरणी सोपा दिसला, तरी वस्तुतः मोठ्या जोखमीचा असतो. कारण वाचकाला हसवितो तो पुष्कळदा प्रसंग नसून तो सांगण्याची तऱ्हा असते, आणि पडद्यावर नेमकी तीच गळून पडते. विलायतेत डेव्हिड नॉब्ज यांच्या १९७५ च्या कादंबरीतील रेजिनाल्ड पेरिन हा नोकरीला विटलेला इसम दुसऱ्याच वर्षी बीबीसीवर अवतरला, तेव्हा सासूचे नाव निघताच त्याच्या मनात काय येते हे सांगत न बसता दिग्दर्शकाने क्षणभर चक्क पाणघोडा दाखविला!

त्याच दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनवर आलेल्या 'चिमणराव-गुंड्याभाऊ' या मालिकेपुढील पेच याहून बिकट होता. बडोद्यास पालीचे अध्यापक व पुढे संस्थानच्या दफ्तरखात्यात अधिकारी असलेल्या चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) यांचे 'चिमणरावांचे चऱ्हाट' १९३३ साली प्रसिद्ध झाले. त्यातला कारकुनी पेशाचा चिमणराव आपली फजिती सरकारदरबारी कैफियत रुजू करावी तशा गांभीर्याने स्वतःच निवेदन करतो, आणि आपण हास्यास्पद ठरत आहो याची त्या भाबड्या जिवास गंधवार्ताही नसते. निवेदन काढून घेतल्यावर हे अज्ञान दाखवावयाचे कसे? १९४० च्या 'लग्न पहावे करून' या चित्रपटात दामुअण्णा मालवणकर व विष्णुपंत जोग या जोडीने त्यास एक उत्तर दिले होते. दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांनी ते किडकिडीत देहयष्टीतून आणि भिडस्त स्वरातून दिले, तर बाळ कर्व्यांच्या धिप्पाड गुंड्याभाऊशेजारी तो भिडस्तपणा आपोआप दुणावला.

वऱ्हाडात त्या काळी दूरचित्रवाणी पोचलीच नव्हती. अमरावती-अकोल्याच्या वाचकास चिमणराव भेटे तो वाचनालयाच्या पुठ्ठा बांधलेल्या, कोपरे झिजलेल्या प्रतीतून. आणि आपल्या ओळखीच्या कचेरीतला कोणता कारकून म्हणजे चिमणराव, याचा निकाल ज्याने त्याने मनोमन लावून टाकलेला असे. प्रभावळकरांनी चिमणरावास एक कायमचा चेहरा दिला हे त्यांचे निर्विवाद यश. पण त्या चेहऱ्यामुळे असे कितीएक खासगी चिमणराव एकदम बडतर्फ झाले, हेही खोटे नव्हे. म्हणून नव्या वाचकाने मालिका जरूर पाहावी. मात्र पुस्तक आधी वाचावे, म्हणजे स्वतःचा चिमणराव नेमण्याचा अधिकार त्याच्याकडेच राहील.