जुना लॅपटॉप, सीडी ड्राइव्ह नाही? पेनड्राइव्ह आहे ना!

विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. दुकानातला जुना लॅपटॉप विंडोज ११ घेत नाही, त्याला सीडी ड्राइव्हही नाही, एवढ्यावरून तो भंगारात द्यावा हे आम्हांला पटत नाही. लिनक्स मिंट फुकट मिळते. ६४-बिट प्रोसेसर आणि ४ जीबी रॅम असली की काम भागते.

पण आधी हिशेब! खाती, बिले, जीएसटीचे कागद दुसऱ्या डिस्कवर उतरवावेत आणि तिथे उघडून पाहावेत. पूर्ण डिस्कवर मिंट बसवले की जुने सारे पुसले जाते. शिवाय टॅली लिनक्सवर थेट चालत नाही. ज्या व्यापारी बंधूंची खातेवही टॅलीत आहे, त्यांनी त्या लॅपटॉपला हात लावू नये.

इतरांनी दुसऱ्या चालू संगणकावर मिंटची आयएसओ फाइल उतरवून घ्यावी आणि रूफस या मोफत प्रोग्रॅमने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवावी. पेनड्राइव्हवरचे जुने जाते, हेही ध्यानात असावे. मग लॅपटॉप सुरू करताच डेल, लेनोव्होवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९ दाबत राहावे व यादीतून पेनड्राइव्ह निवडावा. थान फाडण्याआधी आपण माप घेतोच. मिंटही न बसवता चालवून पाहता येते. वायफाय आणि बिलाचा प्रिंटर तेव्हाच तपासावा.