डोळ्यांची साक्ष आणि मेंदूचा निवाडा

गैरसमज: डोळ्यांनी पाहिले तेच खरे, बाकीची इंद्रिये दुय्यम.

वस्तुस्थिती: मेंदूने कोणत्याही इंद्रियाला कायमचा पहिला मान दिलेला नाही. त्या त्या वेळी ज्याची माहिती अधिक भरवशाची, त्याच्या बाजूने निर्णय झुकतो. तरीही ‘स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले’ एवढे म्हटले की घरातल्या भांडणापासून कोर्टातल्या साक्षीपर्यंत पुढची चौकशीच थांबते. हा समज मोडून काढणे म्हणूनच गरजेचे आहे.

या समजामागे एक खरा प्रयोग आहे. आयर्विन रॉक आणि जॅक व्हिक्टर यांनी 1964 मध्ये लोकांच्या हाती चौरस तुकडा दिला आणि तोच तुकडा भिंगातून दाखवला. भिंगामुळे तो आयताकृती दिसे. बोटांना चौरस लागत असूनही लोकांनी डोळ्यांना दिसला तोच आकार सांगितला. त्यावरून दृष्टी नेहमीच स्पर्शावर मात करते, असा सरसकट निष्कर्ष काढला गेला. त्या प्रयोगात चित्र स्वच्छ दिसत होते, दृष्टीची बाजू मुळात भक्कम होती, ही गोष्ट मात्र विसरली गेली.

मार्क अर्न्स्ट आणि मार्टिन बँक्स यांनी नेमके तेच तपासले. त्यांचा प्रयोग 2002 मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. समोर ठिपक्यांनी बनलेला एक उंचवटा दिसे; त्याच वेळी अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत त्याची उंची यंत्राच्या साहाय्याने जाणवे. ठिपके नीट असताना लोक डोळ्यांच्या बाजूने गेले. मग संशोधक ठिपके मुद्दाम विस्कटत गेले. चित्र जसजसे धूसर झाले, तसतसा लोकांचा अंदाज चिमटीकडे सरकला आणि अखेरीस स्पर्शच वरचढ ठरला. माणसे तीच होती, इंद्रियेही तीच. बदलली होती ती फक्त पुराव्याची गुणवत्ता.

यामागचे गणित सोपे आहे. ज्या इंद्रियाचे अंदाज जास्त विखुरतात, त्याला वजन कमी मिळते. समजा, स्पर्शाच्या अंदाजांचे विचरण (म्हणजे विखुरण्याचे माप) दृष्टीच्या चौपट आहे. अशा वेळी दृष्टीला 80 टक्के आणि स्पर्शाला 20 टक्के वजन देणे सर्वांत फायद्याचे ठरते. स्पर्श कच्चा असला तरी तो वाया जात नाही: दोन्ही मिळून केलेल्या अंदाजाचे विचरण एकट्या दृष्टीपेक्षा 20 टक्क्यांनी कमी असते. त्या प्रयोगातील लोकांचे अंदाज या हिशेबाच्या अगदी जवळ होते, आणि हा हिशेब करावा असे त्यांना कोणी सांगितलेही नव्हते.

रामदास पाध्ये यांच्या शब्दभ्रमाच्या कार्यक्रमात त्यांचा बाहुला अर्धवटरावच बोलतो आहे असे वाटते, त्याचे कारणही हेच. आवाज कुठून आला हे कानांपेक्षा डोळे अधिक अचूक सांगतात, म्हणून आवाज हलत्या ओठांपाशी नेऊन बसवला जातो. डेव्हिड अ‍ॅलेस आणि डेव्हिड बर यांनी 2004 मध्ये प्रकाशाचा ठिपका खूप पसरट केला, तेव्हा उलटे घडले: ठिपका आवाजाच्या दिशेला दिसू लागला. वेळेच्या बाबतीत तर कानच सरस. एकदाच चमकलेल्या दिव्यासोबत दोन ‘बीप’ ऐकवले, तर अनेकांना दिवा दोनदा चमकल्याचे दिसते. लादन शम्स आणि सहकाऱ्यांनी हे 2000 मध्ये दाखवले.

एकाच पुराव्यावर सारी भिस्त टाकण्याची किंमत किती मोठी असू शकते, हे 1 जानेवारी 1978 च्या रात्री मुंबईने पाहिले. एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे बोइंग 747 दुबईकडे निघाले होते. उजवे वळण घेऊन विमान सरळ झाले, तरी कप्तानासमोरचे बिघडलेले स्थितिदर्शक यंत्र ते उजवीकडेच कललेले दाखवत होते. बाहेर काळोखा समुद्र होता, क्षितिज दिसत नव्हते. कानातल्या संतुलनाच्या इंद्रियालाही असे हळूहळू वाढणारे कलणे भरवशाने कळत नाही. विमान डावीकडे झुकवले गेले आणि वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले. 213 जणांचा मृत्यू झाला. म्हणूनच एका यंत्राचे वाचन दुसऱ्याशी ताडून पाहण्याचे शिक्षण वैमानिकांना दिले जाते.

आणखी काही समज:

‘निर्णय एका झटक्यात होतो.’ नाही, मायकेल शॅडलेन आणि विल्यम न्यूसम यांना हलत्या ठिपक्यांची दिशा ओळखणाऱ्या माकडांच्या मेंदूत पेशींची सक्रियता हळूहळू चढताना आढळली, आणि पुरावा ठळक असेल तर ती लवकर चढते.

‘इंद्रियांचे पुरावे जुळवण्याचे कौशल्य जन्मजात असते.’ मोनिका गोरी आणि सहकाऱ्यांच्या 2008 मधील अभ्यासानुसार साधारण आठ वर्षांपर्यंतची मुले दृष्टी आणि स्पर्श यांची अशी सांगड घालत नाहीत. त्यांच्यात एकच इंद्रिय वरचढ राहते.

‘खात्री वाटते, म्हणजे ते बरोबरच.’ अमेरिकेत डीएनए चाचणीने निर्दोष ठरलेल्या कैद्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांच्या खटल्यांत प्रत्यक्षदर्शींनी चुकीचा माणूस ओळखला होता.

‘भ्रम म्हणजे मेंदूतला बिघाड.’ ओठ ‘गा’चे आणि आवाज ‘बा’चा असेल, तर पुष्कळांना ‘डा’ ऐकू येतो, हे मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड यांनी 1976 मध्ये नोंदवले. हे धडधाकट मेंदूतच घडते: ओठ आणि आवाज एकाच तोंडाचे असतात हे गृहीत धरून तो दोन्ही पुरावे जुळवतो, आणि एरवी गोंगाटात समोरच्याचे बोलणे समजते ते याच सवयीमुळे.