पट कमी, वर्ग तेवढेच

महाराष्ट्रातील लहान प्राथमिक शाळांची चर्चा बहुधा पटसंख्येपाशी, म्हणजे हजेरीपटावर नोंदलेल्या मुलांच्या संख्येपाशी, सुरू होते आणि तिथेच थांबते. वास्तविक अशा शाळेत एका शिक्षकाकडे मुले किती यापेक्षा इयत्ता किती, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे.

शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत 60 मुलांपर्यंत दोन, 61 ते 90 पर्यंत तीन आणि 91 ते 120 पर्यंत चार शिक्षक असावे लागतात, तर मुख्याध्यापकाचे स्वतंत्र पद पट 150 च्या वर गेल्यावरच मिळते. या हिशेबाने वाडीवरच्या, चौथीपर्यंतच्या 18 मुलांच्या शाळेत शिक्षकामागे नऊच मुले येतात आणि कागदावर ती चैन भासते. परंतु ही मुले चार इयत्तांत विखुरलेली असल्याने प्रत्येक शिक्षकाला एकाच वेळी, अनेकदा एकाच खोलीत, दोन इयत्ता सांभाळाव्या लागतात. शिवाय दोघांपैकी एकाला शालेय पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती भरण्याचे मुख्याध्यापकी काम पाहावे लागते, आणि कोणी रजेवर, प्रशिक्षणाला किंवा कायद्यानेच मुभा दिलेल्या निवडणूक वा जनगणनेच्या कामाला गेला, की चारही इयत्ता एकट्यावर येतात.

पटावरून शिक्षकपदे निश्चित करण्याच्या प्रक्रियेला संचमान्यता म्हणतात. पट एखाद्या टप्प्याखाली घसरला की एक शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरून समायोजनाने, म्हणजे रिक्त पद असलेल्या दुसऱ्या शाळेत, पाठवला जातो. मुले थोडीच कमी झालेली असतात, इयत्ता मात्र एकही कमी होत नाही. ऊसतोडीसाठी कुटुंबे स्थलांतर करतात त्या भागांत पटाची ही अस्थिरता विशेष जाणवते.

2023 मध्ये राज्य शासनाने 20 पेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूहशाळा, म्हणजे आसपासच्या लहान शाळा एकत्र करून केलेली मोठी शाळा, उभारण्याचा विचार मांडला आणि त्यासाठी तोरणमाळ व पानशेत येथील प्रयोगांचा दाखला दिला. मोठ्या शाळेत इयत्तावार शिक्षक मिळतात, हा त्यातील लाभ नाकारता येणार नाही. तरीही डोंगराळ भागात सहा वर्षांच्या मुलीला रोज ओढा ओलांडून जावे लागणार असेल, तर तो लाभ तिच्यापर्यंत पोहोचण्याआधीच तिची शाळा सुटण्याची भीती असते.

म्हणून जिथे शाळा राहणार आहे तिथे बहुवर्ग अध्यापन, म्हणजे अनेक इयत्तांना एकत्र शिकवण्याची पद्धत, ही तडजोड न मानता स्वतंत्र कौशल्य मानले पाहिजे. आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांनी पायरीपायरीने रचलेल्या स्वाध्यायपत्रांच्या आधारे मुले आपापल्या गतीने शिकू शकतात हे दाखवले आहे. त्याच्या जोडीला, गटातल्या कोणत्याही शाळेत शिक्षक गैरहजर असताना धाडता येईल असा एक राखीव शिक्षक प्रत्येक केंद्रशाळेला, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातील मुख्य शाळेला, मिळाला, तर दोन शिक्षकांची शाळा वारंवार एकशिक्षकी होणे बऱ्याच अंशी टळेल.