सातबारा कोणाच्या नावावर?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, आमच्याकडे कोणी कामाला हात लावत नाही. पुरणाची सुस्ती माणसांच्या अंगात असते आणि बैलही गोठ्यात निवांत असतात. नेमका त्याच सकाळी माझ्या होस्टिंग कंपनीचा मेल आला. मुदत संपते आहे, नूतनीकरण करा.

तीन वर्षांपूर्वी महिना १४९ रुपयांचा भाव पाहून मी तीन वर्षांचे पैसे एकदम भरले होते. १८ टक्के जीएसटी धरून ६,३२९ रुपये. आता भाव महिना ४४९. एका वर्षाचे, कर धरून, ६,३५७. आधी तीन वर्षं ज्या पैशांत निघाली त्यात आता एक वर्ष, आणि वर २८ रुपये. पानं तीच, फोटो तेच, येणारी माणसं तेवढीच. असं का, म्हणून मदतीच्या खिडकीत विचारलं, तर पलीकडच्या यंत्रानं इंग्रजीत आभार मानले आणि एक हसरा चेहरा पाठवला. तेव्हापासून डोक्यात घोळतंय ते लिहून टाकतो.

माझी साइट म्हणजे फार मोठं प्रकरण नाही. मी भूगोल शिकवायचो. लोणारच्या सरोवराकडे वर्षातून एकदा उतरायचं, कमळजा देवीच्या देवळाजवळच्या एकाच दगडावर उभं राहायचं आणि पाण्याचा काठ देवळापासून किती लांब आहे त्याचा फोटो काढायचा, हा माझा नेम. एका वर्षाच्या फोटोला काही अर्थ नसतो. वीस वर्षांचे शेजारी शेजारी ठेवले की सरोवर बोलू लागतं. ते ठेवायला जागा हवी, एवढीच माझी गरज होती आणि आहे.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. सुरुवात मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रासला. बुलढाण्यात त्यानं पानही हललं नाही. पुढच्या पाच-सहा वर्षांबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे काहीच नाही. मी दहावीचे पेपर तपासत होतो.

२००१ मध्ये जिओसिटीजवर पहिलं पान टाकलं. फुकट जागा, पंधरा एमबी, बाजूला जाहिरात. याहूनं दोनच वर्षांपूर्वी सुमारे साडेतीन अब्ज डॉलर मोजून ती घेतली होती, त्यामुळे ती बुडेल असं कोणाच्या मनातही नव्हतं. रोल धुवायचा, स्टुडिओत फोटो स्कॅन करायचे, फ्लॉपीत मावतील इतके बारीक करायचे. मराठी मजकुराची तर गंमतच होती. फाँट समोरच्याच्या संगणकावर नसला की त्याला माझं मराठी स्वल्पविराम आणि डॉलरच्या चिन्हांसारखं दिसायचं. म्हणून मी परिच्छेदच्या परिच्छेद चित्र करून चढवायचो. युनिकोडमध्ये सरळ देवनागरी लिहिता येतं, हे मला पुढे 'मनोगत' हे संकेतस्थळ पाहून कळलं.

मग आलं ते दशक. साधारण २००४ ते २०१४. जगलो ते तेवढंच, असं आता वाटतं.

जयस्तंभ चौकाकडच्या एका नेट कॅफेत माझी ठरलेली खुर्ची होती. भारनियमनाचं वेळापत्रक भिंतीवर, कालनिर्णयच्या शेजारी. मालक दारातूनच ओरडायचा, "सर, लाईन जायच्या आंधी चढोवून घ्या!" फाइलझिला उघडायचं, डावीकडे आपला संगणक, उजवीकडे अमेरिकेतला, आणि मधून एकेक फोटो मुंगीसारखा सरकायचा. सतरापैकी चौदा गेले की यूपीएस पीप-पीप करू लागायचं. उरलेले तीन पुढच्या शनिवारी.

फुकटच्या जागेचा कंटाळा आल्यावर पैसे देऊन जागा घ्यायची ठरवलं. कशी निवडली? एका संगणकाच्या मासिकात छोटी जाहिरात होती, पुण्याचा नंबर होता, आणि फोन उचलणारा मराठी बोलला. क्रेडिट कार्ड माझ्याकडे नव्हतं, स्टाफरूममध्ये कोणाकडेच नव्हतं. बँकेत रांग लावून डीडी काढला आणि रजिस्टर पोस्टानं पाठवला. चौथ्या दिवशी त्याचा फोन: "सर, डीडी मिळाला, पासवर्ड लिहून घ्या." मी तो वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतला. सुरक्षिततेच्या दृष्टीनं हे सगळं चूकच, पण पासवर्ड तोंडी सांगणारा माणूस तरी होता.

धंदा त्यानंच मला समजावला. तो अमेरिकेतल्या कंपनीकडून ठोक जागा घ्यायचा आणि तिचे प्लॉट पाडून आमच्यासारख्यांना विकायचा. एका सर्व्हरवर शेकडो साइट्स. आमच्याकडे सामायिक विहीर असते तसंच. चार भावांची विहीर, ज्याची त्याची पाळी. पण एकानं चोरून मोठी मोटर बसवली की बाकीच्यांचं पाणी जातं. आमच्या विहिरीवरच्या कुण्या एका भावानं एकदा लाखभर फालतू मेल सोडले. सर्व्हरचा पत्ता काळ्या यादीत गेला आणि मी शिक्षण खात्यात एकाला पाठवलेला मेल पोचलाच नाही. मी चिडून रात्री अकराला फोन केला. त्यानं उचलला. दोन दिवसांत मला दुसऱ्या विहिरीवर नेऊन बसवलं.

२००९ मध्ये त्याला बंगळूरला नोकरी लागली आणि त्यानं धंदा आवरला. महिनाभर आधी सांगितलं, उरलेल्या महिन्यांचे पैसे मनीऑर्डरनं परत केले आणि माझ्या अख्ख्या साइटची सीडी पोस्टानं घरी पाठवली. ती सीडी अजून कपाटात आहे. इतक्या रीतीनं निरोप घेणारी कंपनी मला पुन्हा भेटली नाही.

त्याच वर्षी जिओसिटीजही गेलं. एप्रिलमध्ये सांगून २६ ऑक्टोबरला बंद. मी मेल वाचला होता, दिवाळीच्या सुट्टीत बघू म्हणालो होतो. त्या वर्षी दिवाळी १७ ऑक्टोबरची, सुट्टी होती, वेळ होता. दोष सर्वस्वी माझाच. २००१ ते २००३ चे फोटो फक्त तिथेच होते. निगेटिव्ह कसरीनं खाल्ल्या. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये ती पानं नंतर सापडली. मजकूर आहे, फोटोच्या जागी रिकाम्या चौकटी. 'पाणी देवळापासून एवढं लांब' असं खाली लिहिलेलं आणि वर काहीच नाही. भूगोलाच्या मास्तराला याहून मोठी चपराक कोणती?

आता जुना हिशेब. पुण्याचा मुलगा गेल्यावर मी जवळचा माणूस शोधला. म्हटलं, आपल्याच भागातला, ऑफिस आहे, पाटी आहे, समोर बसून चहा पाजतो. कंपनीचं नाव लिहीत नाही. 'डोमेन फ्री' म्हणाले, मी खूश. चार वर्षांनी तिथली साइट आठवड्यातून दोनदा झोपायला लागली तेव्हा दुसरीकडे न्यायचं ठरवलं. नाव दुसरीकडे न्यायला एक गुप्त कोड लागतो, तो नोंदणी ज्याच्या नावानं असेल त्यालाच मिळतो. मागितला तर म्हणाले, आठ हजार द्या. माझा मेहुणा तलाठी. त्याला यातलं ओ की ठो कळत नाही, पण ऐकल्याबरोबर त्यानं विचारलं, "भाऊजी, सातबारा कोणाच्या नावानं हाय, ते पाह्यलं का तुमी?" पाहिला. नोंदणीत मालक म्हणून त्या कंपनीचं नाव, मेल त्यांचा, फोन त्यांचा. वहिवाट माझी, मालकी त्यांची.

आठ हजार मी दिले नाहीत. आमच्यातल्या भांडणामुळे त्यांनीही नाव पुन्हा भरलं नाही. मुदत संपलेलं डॉट कॉम नाव लगेच मोकळं होत नाही. आधी काही दिवसांची सवलत, मग ३० दिवस दंड भरून सोडवण्याचे, मग पाच दिवस काहीच नाही, आणि मग बाजारात. मी रोज सकाळी पाहत बसायचो. बाजारात आलं त्याच दिवशी ते कोणीतरी उचललं, आणि लोणारच्या सरोवराच्या पत्त्यावर पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात लागली. शाळेच्या भूगोल मंडळाच्या फलकावर तो पत्ता रंगवलेला होता. चुना मारून घेतला.

मग डॉट इन नाव घेतलं. २००५ पासून ते कोणालाही मिळतं. माझ्या नावानं, माझ्या मेलवर, माझ्या फोनवर. आणि होस्टिंग जिथे असेल तिथे नाव ठेवायचं नाही, हा नियम केला. शेत एकाकडे गहाण आणि बैलही त्याच्याच गोठ्यात, असं शहाणा माणूस करत नाही.

त्यानंतरची वर्षं मी भराभर ओलांडतो, कारण त्यात माणसं नाहीत. मुंबईच्या तुरखिया बंधूंनी १९९८ मध्ये उभारलेल्या डायरेक्टीचा बिगरॉकसकट होस्टिंगचा धंदा २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एन्ड्युरन्सकडे गेला. ब्लूहोस्ट, होस्टगेटर आधीच त्या घरात होते. २०२१ मध्ये ते घरही वेब डॉट कॉमशी जुळून न्यूफोल्ड डिजिटल झालं. पाट्या वेगवेगळ्या, गल्ला एक. तुलना करायला मी वहीत रकाने आखायचो, जागा, वेग, भाव, आणि अर्ध्या रकान्यांचा मालक एकच निघायचा. २०१८ च्या जुलैपासून क्रोम ब्राउझरनं सुरक्षित जोडणीचं कुलूप नसलेल्या साइट्सवर 'सुरक्षित नाही' असा शिक्का मारला. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था ते कुलूप फुकट देत होती. मला माझ्या तेव्हाच्या कंपनीनं त्याचे वर्षाला दीड हजार लावले. मी दोन वर्षं भरले. माहीत नव्हतं.

आणि मग जून २०२०.

टाळेबंदी होती. लोणारचं पाणी गुलाबी झालं. एका आठवड्यात जगभरच्या बातम्यांत आमचं सरोवर. पाणी आटून क्षार वाढले होते, आणि खाऱ्या पाण्यात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे रंग आला, असा निष्कर्ष पुण्याच्या आघारकर संस्थेच्या अभ्यासातून निघाला. पण ते नंतर. त्या दिवशी लोकांना एकच हवं होतं: आधी पाणी कसं दिसायचं? आणि ते माझ्याकडे होतं. एकाच दगडावरून काढलेले, तारीखवार. दिवसाला पंधरा-वीस माणसं यायची, त्या सकाळी आकडा हजारांत गेला. अमेरिकेतून, जपानमधून. मी बायकोला हाक मारली, दोघं पडद्यासमोर बसलो.

साडेअकराला साइट बंद. खातं स्थगित. कारण: संसाधनांचा अतिवापर.

माझ्या प्लॅनचं नाव होतं 'अनलिमिटेड'. मी अटी काढून वाचल्या, प्रथमच. जागा अमर्याद, वाहतूक अमर्याद; पण प्रोसेसर किती वापरायचा याला मर्यादा, एका वेळी किती प्रक्रिया चालतील याला मर्यादा, फाइली किती याला मर्यादा. पंगतीत पोटभर जेवा म्हणायचं आणि वाटी चमच्याएवढी ठेवायची. सोळा तास मी तिकिटं टाकत राहिलो. साइट उघडली तेव्हा लोक पुढच्या बातमीकडे गेले होते. वीस वर्षांत एकदाच माझ्या अंगणात पंगत बसली, आणि दाराला कुलूप होतं. खामगाव-जालना रेल्वेची वाट आमचा जिल्हा शंभर वर्षांहून जास्त पाहतो आहे. तसं पाहिलं तर सोळा तास काहीच नाहीत. पण ते मला अजून लागतात.

पुढच्या मार्चमध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीचं अख्खं डेटा सेंटर जळालं. कित्येकांच्या बॅकअपच्या प्रतीही त्याच आवारात होत्या. ती बातमी वाचून मी उठलो आणि कपाटातली सीडी हातात घेऊन पाहिली.

करीच्या दिवशीचा मेल मी एका जुन्या विद्यार्थ्याला पाठवला. तो पुण्यात याच धंद्यात आहे. संध्याकाळी फोन आला.

"सर, तुमच्या साइटले डेटाबेस कायले पाह्यजे? वर्षातून एक फोटो तर टाकता तुमी."

म्हटलं, सगळे वर्डप्रेसच घेतात.

"सगळे घेतात म्हणून सोयऱ्याच्या लग्नात ट्रक नेता का? साध्या फाइली करून देतो. गिटहब पेजेसवर ठेवा नाही तर क्लाउडफ्लेअरवर. तुमच्या कामापुरतं फुकट हाय. उद्या २०२० च्या जूनसारखी गर्दी आली तरी पडत नाही, कारण शिजवायचं काही नाही, वाढायचंच हाय."

फुकट म्हटल्यावर मला जिओसिटीज आठवलं. तसं बोललो. तो थोडा थांबला. "सर, तेव्हा फोटो फक्त तिथं होते. आता मूळ प्रत तुमच्या घरी राहील. त्यांनी दुकान बंद केलं तर दुपारभरात दुसरीकडे मांडू. नाव तुमच्याच नावानं हाय ना?"

आहे.

रविवारी सगळं उतरवून घेतलं. वीस-बावीस वर्षांचं लोणार, ३८० एमबी. पुतण्याच्या लग्नाचा व्हिडिओ याच्या दसपट आहे. दोन पेन ड्राइव्ह केले, एक घरी, एक मेहुण्याकडे, तलाठ्याच्या दप्तराशेजारी. जुन्या कंपनीचं नूतनीकरण रद्द केलं, तेव्हा यंत्रानं पुन्हा हसरा चेहरा पाठवून महिना १४९ चा भाव देऊ केला.

राहिलं नाव. ते जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी भरता येतं. मी सदुसष्ट वर्षांचा. पाच वर्षांचं बटण दाबलं आणि पैसे भरायला फोन काढला. बायको मागे उभी होती. म्हणाली, "पाचच कायले? दहा भरा."